पंगत अजून बसायची आहे

“टिळकांवर अर्धा तास बोलायचे आहे तुला. गुरुवारी संध्याकाळी सहाला. उशीर करू नकोस,” एवढे सांगून मावशींनी फोन ठेवूनही दिला. आमच्या घरातून लगेच पृच्छा झाली, “जानेवारीत कुठली आली लोकमान्यांची पुण्यतिथी?” मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात इतकी वर्षे काढूनही हा प्रश्न यावा, याचा मला किंचित विषाद वाटला. पण खरे सांगायचे तर टिळक म्हटले की महाराष्ट्राला एकच टिळक आठवतात. मावशींचे टिळक निराळे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्याला ते शाळेच्या पुस्तकात फुलामुलांचे कवी म्हणून भेटतात आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंचे हट्टी, उदार, विक्षिप्त यजमान म्हणून. मावशींच्या यजमानांना मात्र ते दर रविवारी भेटत. कारण मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून टिळकांची भजने आजही गायिली जातात.

ही २०२५ च्या जानेवारीतील गोष्ट. स्थळ नांदेड. निमित्त होते ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना-सप्ताहाचे. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या आठ दिवसांत जगभरच्या निरनिराळ्या पंथांचे ख्रिस्ती लोक आपसांतील फूट मिटावी म्हणून एकत्र येऊन प्रार्थना करतात. आठ दिवसांचा सप्ताह कसा, असे कुणी विचारू नये. आपल्याकडचा हरिनाम सप्ताहसुद्धा काल्याचा दिवस धरला तर आठ दिवसांचाच होतो!

हा प्रघात पाडला तो १९०८ साली अमेरिकेतील पॉल वॉटसन नावाच्या धर्मगुरूंनी. ते तेव्हा अँग्लिकन होते. पुढच्याच वर्षी रोमन कॅथलिक झाले. त्यामुळे त्यांच्या प्रार्थनेचा मथितार्थ सरळ होता : घर सोडून गेलेल्यांनी रोमला परत यावे. आता अशा प्रार्थनेला घर सोडून गेलेले कसे यावेत? तेव्हा १९३० नंतरच्या दशकात फ्रान्समधील लियाँ शहरचे पॉल कुतुरिये यांनी तिला निराळे वळण दिले. कुणी कुणाकडे यायचे आणि कसे यायचे, हे देवावर सोपवू या. आपण नुसते शेजारी शेजारी गुडघे टेकू या, असे त्यांचे म्हणणे. तंटा न सोडवता तंटेखोरांना एका सतरंजीवर बसवण्याची ही युक्ती आपल्या गावपंचांनाही पटेल अशीच आहे.

पण मी मावशींविषयी सांगत होतो.

मावशी मूळच्या वसईच्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रोमन कॅथलिक. नर्सिंगचे शिक्षण पुरे करून सरकारी नोकरीवर त्या लातूरला आल्या, तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडले. मास्तर जालन्याकडचे. शाळेत गणित शिकवीत. जालन्याजवळ बेथेल म्हणून ख्रिस्ती वस्ती आहे. स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर ती वसवली. मास्तरांचे पणजोबा त्या परिसरात ख्रिस्ती झाले, म्हणून मास्तर प्रेस्बिटेरियन! प्रेस्बिटेरियन म्हणजे काय, हे त्या पणजोबांना कुणी विचारले असते तर त्यांनी नांगराचा रुमणा दाखवला असता.

यात थट्टेचा भाग सोडला तरी हेच मराठवाड्यातील पंथांचे खरे मूळ आहे. युरोपात लोक आपसांत फुटले ते मतांवरून, आणि त्यासाठी लढायाही झाल्या. आपल्याकडे कोण कोणत्या मंडळीचा, हे त्याच्या पणजोबांच्या गावाला कोणत्या मिशनचा साहेब घोड्यावरून आला, यावर ठरले. मिशनांनी एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी मुलूख वाटून घेतले होते. आजही देगलूरच्या चौकात उभे राहून पाहावे. पूर्वेला निजामाबादेकडे गेलात तर चर्च ऑफ साउथ इंडियाचा मेदकचा धर्मप्रांत लागतो. दक्षिणेला बीदरकडे मेथॉडिस्ट. जालन्याच्या बाजूला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आणि या सगळ्या नकाशावर आणखी एक पारदर्शक कागद ठेवावा तसा १९७७ साली स्थापन झालेला औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत. नांदेड आणि लातूर त्यातच येतात. एकाच निजामाची ही सारी रयत. भाषावार प्रांतरचनेत १९५६ साली राज्य वाटले गेले. पण ख्रिस्ती माणसांची वाटणी त्याच्या कितीतरी आधी झाली होती.

आणि मौजेची गोष्ट अशी की, ही वाटणी मोडण्याचा विचार ज्यांनी जोराने मांडला, त्यांतील एक मोठा माणूस याच निजामी मुलखात काम करीत होता. व्ही. एस. अझरय्या. १९१२ साली ते दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. खेड्यातल्या माळा-मादिगांना तुम्ही अँग्लिकन व्हा की बॅप्टिस्ट व्हा हे सांगताना आपल्यालाच लाज वाटावी, अशी त्यांची धारणा होती. १९१९ साली तरंगमबाडी येथे जमलेल्या पाळकांच्या परिषदेत ते अग्रभागी होते, आणि तेथून दक्षिणेतील ऐक्याच्या वाटाघाटींना तोंड फुटले. चर्च ऑफ साउथ इंडिया प्रत्यक्षात आले ते २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासला. देश स्वतंत्र होऊन सहा आठवडे झाले होते. अझरय्या ते पाहायला उरले नाहीत. १९४५ च्या पहिल्याच दिवशी ते वारले होते.

उत्तरेला अधिक वेळ लागला. १९२९ साली बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चे एक झाली. एक्केचाळीस वर्षे! मुलीचे लग्न ठरायला इतका वेळ लागला तर वरपक्षाची दुसरी पिढी वाटाघाटीला बसेल. इथेही तसेच झाले. आणि इतके करून अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या महिन्यांत बाजूला झाली ती झालीच. अडचणी क्षुल्लक नव्हत्या. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा, की माणूस जाणता होऊन स्वतः मागेल तेव्हाच द्यावा, हा बॅप्टिस्टांचा आणि इतरांचा शतकांचा वाद. त्यावर नागपूरच्या योजनेने असा तोडगा काढला की, नव्या चर्चमध्ये दोन्ही पद्धती चालतील. ज्याने त्याने आपल्या सद्‌सद्विवेकाला विचारावे. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. मास्तरांचे वडील त्या दिवशी नागपूरला हजर होते. परत आल्यावर त्यांनी घरच्यांना सांगितले म्हणे, की आजपासून आपण प्रेस्बिटेरियन राहिलो नाही. मास्तरांच्या आजीने विचारले, “म्हणजे आता आपण कोण?” तेव्हा ते म्हणाले, “ख्रिस्ती.” आजी म्हणाली, “मग आतापर्यंत कोण होतो?”

मास्तर हा किस्सा नेहमी सांगत आणि स्वतःच मोठ्याने हसत.

परंतु नागपूरच्या त्या मांडवात कॅथलिक नव्हते. त्यांच्या बाजूलाही तोवर वारे फिरले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६४ मध्ये ऐक्यासंबंधीचा आपला ठराव प्रसिद्ध केला. इतर पंथीयांना दुरावलेले बंधू म्हणून मान देणारा. त्यानंतर दोनच आठवड्यांनी सहावे पोप पॉल मुंबईला आले होते. वसईहून मावशींना त्यांच्या वडिलांनी पोपसाहेबांच्या दर्शनाला नेले होते. तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. गर्दीत चप्पल हरवली, एवढेच त्यांना त्यातले लख्ख आठवते.

मास्तरांचा आणि मावशींचा विवाह १९७६ साली झाला. दोघेही ख्रिस्ती, दोघांची मातृभाषा मराठी, दोघे सरकारी पगारदार. आपल्याला वाटेल, यात अडचण कसली? पण मावशींना धर्माधिकाऱ्यांची खास परवानगी काढावी लागली, आणि होणारी मुले कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपण शक्य ते सर्व करू, असे वचन द्यावे लागले. पूर्वी हे वचन नवऱ्याकडूनही घेत. १९७० साली नियम थोडा सैल झाला, आणि मास्तरांना फक्त त्याची जाणीव देण्यात आली. मास्तर गणिताचे शिक्षक, त्यांनी विचारले, “शक्य ते सर्व म्हणजे किती?” त्याचे उत्तर त्यांना तेव्हा मिळाले नाही आणि पुढेही नाही. दोन्हीकडचे नातेवाईक लग्नाला आले. पण एका बाजूचे काका जेवायला थांबले नाहीत. कोणत्या बाजूचे, हे मावशींनी मला कधी सांगितले नाही.

मग चाळीसहून अधिक वर्षे त्या घरात रविवार दोन होते. मास्तर उपासनेला जात, मावशी मिस्साला. फादर येणार नसतील त्या रविवारी मावशी मास्तरांच्या मंडळीत मागच्या बाकावर बसत आणि टिळकांची भजने म्हणत. आवाज त्यांचा गोड, त्यामुळे हळूहळू मागचा बाक पुढे सरकला. पण प्रभुभोजनाची वेळ आली की त्या मान खाली घालून जागेवर राहत. भाकरी आणि प्याला बाकावरून पुढे जाई. मास्तरांच्या चर्चच्या दृष्टीने त्यांना मनाई नव्हती. त्यांच्या स्वतःच्या चर्चच्या दृष्टीने होती. प्रभूची मेज एक आहे असे दोघांच्याही उपदेशात असे, आणि त्या मेजाशी नवराबायकोला एकत्र बसता येत नसे.

आमच्या बाजूने मला यावर टीका करण्याचा अधिकार आहे का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या लातूरच्या घरात, ओसरीवरच्या कोनाड्यात, एक कान तुटलेला कप असे. तो मावशींचा. आजीच्या सोवळ्यात ख्रिस्ती नर्सबाईंना घरातले भांडे चालत नव्हते. त्या वसईच्या, त्यांच्या घराण्यात चारशे वर्षांचा धर्म, हे आजीच्या गावीही नव्हते. आणि असते तरी फरक पडला नसता. ख्रिस्ती म्हटले की मूळची जात कोणती असेल याचे गणित तिच्या डोक्यात सुरू होई. गंमत पाहा, माझ्या आईच्या बाळंतपणात मीच मुळी मावशींच्या हातावर जन्मलो. आजीने मला आंघोळ घालून शुद्ध करून घेतले. पण कपाला कोनाडाच राहिला. मावशी येत, स्वतःच तो कप उतरवीत, आई त्यात वरून चहा ओती, आणि पिऊन झाल्यावर मावशी तो विसळून पुन्हा ठेवीत. याविषयी कुणीच काही बोलत नसे. अबोला हाही आपल्याकडे शांततेचाच एक प्रकार समजला जातो.

मग तो दिवस आला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी झालेली. गणपती बोळवून लोक उशिरा निजलेले. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. मी तेरा वर्षांचा होतो. लातूर शहर त्या मानाने बचावले. पण आम्ही सगळा वाडा मोकळ्या मैदानात जाऊन बसलो. किल्लारी, सास्तूर ही नावे कानांवर यायची होती. सुमारे आठ हजार माणसे गेली आहेत, हे कळायचे होते. मावशी त्याच पावली दवाखान्याकडे धावल्या, त्या तिसऱ्या दिवशी घरी आल्या. मैदानात थंडीने आणि भीतीने म्हातारी माणसे कापत होती. घरात शिरायला कुणी धजत नव्हते. मास्तर उठले, आत गेले, स्टोव्ह आणि हाताला लागतील ती भांडी घेऊन आले, आणि त्यांनी पन्नास माणसांचा चहा केला. अंधारात ज्याच्या हातात जे आले त्यातून तो प्याला. उजाडले तेव्हा मी पाहिले, आजीच्या हातात कान तुटलेला कप होता. तिनेही पाहिले. चहा अर्धा राहिला होता. तिने तो सगळा प्यायला.

पुढच्या आठवड्यात घरे तपासून झाली, आम्ही आत राहायला गेलो, आणि कप पुन्हा कोनाड्यात गेला. येथे मला काही सुधारून सांगता आले असते तर बरे झाले असते.

त्या दिवसांत मास्तर किल्लारीकडे जाणाऱ्या मदतीच्या गाड्यांवर होते. प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांची ‘कासा’ ही संस्था आली होती. कॅथलिकांची ‘कारितास’ आली होती. ‘कासा’चा जन्मच फाळणीच्या निर्वासितांच्या सेवेतून १९४७ साली झालेला. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवायची होती, आणि ते काम सरकारने आणि शेकडो संस्थांनी वाटून घेतले. मास्तर सांगत : पहिल्या आठवड्यात मढी उचलताना, पाणी वाटताना, कोण कोणत्या मंडळीचा, हे कुणी कुणाला विचारले नाही. दुसऱ्या आठवड्यात तंबूवर फलक लागले. तिसऱ्या आठवड्यात फलकाच्या आकारावरून थोडी कुजबुज झाली. “तरीसुद्धा पहिला आठवडा झाला होता ना!” असे ते म्हणत.

झाला होता, यात शंका नाही. पण पहिल्या आठवड्यावर संसार चालत नाही. सांगायला वाईट वाटते, पण त्या भूकंपाला बरोबर वीस वर्षे झाली त्याच तारखेला, ३० सप्टेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चर्च ऑफ नॉर्थ इंडियासंबंधी एक निकाल दिला. गुजरातेतील ब्रेदरन मंडळी १९७० साली ऐक्यात सामील झाली होती. काही सभासदांनी ते मानले नाही, आणि मिळकतीचा दावा चाळीस वर्षे चालला. न्यायालयाने सांगितले : विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून विश्वस्त संस्थेची मिळकत आपोआप नव्या चर्चची होत नाही, त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याची वाट चालावी लागते. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. मास्तरांनी निकालाची बातमी वाचून वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणाले, “प्रार्थना एकत्र होते, सातबारा एकत्र होत नाही.” यावर ते हसले नाहीत.

२०१९ च्या उन्हाळ्यात मास्तर गेले. शेवटच्या दिवसांत पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले. खाटेशी मावशी होत्या, मुलगी होती, आणि दाराशी मी होतो. पाळकसाहेबांनी मास्तरांच्या ओठांना प्याला लावला, आणि मग अगदी सहज, काही न बोलता, तो मावशींपुढे धरला. मला तो क्षण दिसतो. मावशींचा हात थोडा उचलला गेला. मग तो त्यांनी मास्तरांच्या कपाळावर ठेवला. पाळकसाहेबांनी प्याला मागे घेतला.

याविषयी त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. “नियम होता रे. मी आयुष्यभर पाळला. त्या दिवशी मोडला असता तर देव रागावला नसता, हे मला ठाऊक होते. पण मग चाळीस वर्षे पाळला तो कशासाठी?” मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “आणि आता वाटते, घ्यायला हवा होता.”

दोन्ही वाक्ये खरी आहेत. मी पंचेचाळिशीला आलो. अजून मला या दोहोंतील एक निवडता आलेले नाही.

मास्तरांच्या दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि फादरांनीही केली. आपल्या लहान शहरांतून बहुधा ख्रिस्ती दफनभूमी एकच असते. निदान तेथे पंथांची कुंपणे घालण्याइतकी जागा नसते. त्यानंतर मावशी मुलीकडे नांदेडला आल्या. योगायोगाने माझी नोकरीही तेथेच, त्यामुळे शेजार पुन्हा जुळला. पुढच्याच जानेवारीत, २०२० साली, उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान का, म्हणून काहींनी विरोध केला होता. मावशींनी मला गाडी करायला लावली. दिब्रिटो त्यांच्या वसईचे. आणि मास्तरांच्या टेबलावर त्यांचे ‘सुबोध बायबल’ असे, कारण प्रॉटेस्टंट मास्तरांना या कॅथलिक फादरांचे मराठी आवडत असे. प्रकृती ठीक नसताना दिब्रिटो आले आणि बोलले. मांडवात माझ्या शेजारी मावशी, त्यांच्यापलीकडे मास्तरांच्या मंडळीतील दोन गृहस्थ, आणि त्यांच्यापलीकडे तुळशीमाळ घातलेले एक आजोबा बसले होते. मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “हा आमचा.” पलीकडचे गृहस्थही शेजारच्या आजोबांना तेच सांगत होते. दिब्रिटो २०२४ च्या जुलैत वारले, तेव्हा ही दोन्हीकडची माणसे एकाच खोलीत बसून रडली, असे मावशींनी मला सांगितले.

असो. गुरुवारी मी वेळेवर गेलो. प्रार्थनामंदिर लहानसे. बाहेर बुटा-चपलांची रांग. आत साठ-सत्तर माणसे, फादर, दोन सिस्टर, पाळकसाहेब, आणि निराळ्याच एका मंडळीचे एक तरुण प्रचारक, जे कोपऱ्यात थोडे संकोचून बसले होते. मी टिळकांवर बोललो. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षे या नवराबायकोने दोन धर्मांचा संसार कसा ओढला, हे सांगितले. पुढे टिळकांना मिशनचीसुद्धा चौकट अपुरी वाटली. १९१७ साली ती सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही बोलावले. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार उठला. हे सांगताना मी मुद्दाम मावशींकडे पाहिले नाही.

माझ्यानंतर फादर बोलले. ते म्हणाले, हा सप्ताह १८ ते २५ का, ठाऊक आहे? जुन्या पंचांगात १८ तारखेला पेत्राचा सण होता आणि २५ ला पौलाचा. दोघेही मोठे प्रेषित. पण अंत्युखिया शहरात दोघांचे चारचौघांत कडाक्याचे भांडण झाले. कशावरून? तर जेवणावरून! पेत्र आधी परजातीयांबरोबर जेवत असे. मग यरुशलेमहून कर्मठ मंडळी आली, आणि त्यांना भिऊन तो पंक्तीतून उठला. पौलाने त्याला तोंडावर सुनावले. “म्हणजे आपल्या चर्चमधील पहिले भांडण पंक्तिभेदावरून झाले,” फादर म्हणाले.

पंक्तिभेद! माझ्या मराठी कानांना हा शब्द असा काही लागला की पुढचे चार वाक्ये मी ऐकलीच नाहीत. मला कोनाडा दिसत होता. फादर दलित ख्रिस्ती माणसांविषयी सांगत होते. २०१३ साली या सप्ताहाची जगभर वापरण्याची पुस्तिका भारतातील ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने सिद्ध केली, आणि तिच्या मध्यभागी दलित ख्रिस्ती माणसाचे जिणे ठेवले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ज्याला मिळत नाहीत, आणि चर्चमध्येही ज्याचा बाक पुष्कळदा मागेच असतो, त्याच्यासाठी ऐक्य म्हणजे पाळकांनी आणि फादरांनी वर्षातून एकदा हात मिळवणे नव्हे, असे ते म्हणाले. पाळकसाहेबांनी मान डोलावली. कोपऱ्यातील तरुण प्रचारक प्रथमच ताठ बसले. येथून दोन मैलांवर सचखंड गुरुद्वाऱ्यात रोज हजारो माणसे एका ओळीत बसून लंगर जेवतात, हे त्या सभेतील प्रत्येकाला ठाऊक होते. पण ते बोलून कुणी दाखवले नाही.

शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. ख्रिस्ताने स्वतः शिकवलेली ही प्रार्थना सर्व पंथांना पाठ असते. शब्दांत थोडा फरक. पण तिच्या शेवटी एक अडचण आहे. कॅथलिक लोक वाइटापासून सोडवण्याच्या मागणीपाशी थांबतात. प्रॉटेस्टंट लोक तसेच पुढे जाऊन देवाचे राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांचा जयघोष करूनच आमेन म्हणतात. त्यामुळे अशा एकत्र प्रार्थनेत एका ठिकाणी अर्धा आवाज एकदम गळून पडतो. त्या दिवशीही पडला. सिस्टर थांबल्या, फादर थांबले, डावीकडची सारी बाके थांबली. उजवी बाजू चालू राहिली. आणि डाव्या बाजूच्या दुसऱ्या बाकावरून एक म्हातारा, गोड, थोडा कापरा आवाज तेवढाच उजवीकडच्यांबरोबर शेवटपर्यंत गेला. चाळीस वर्षे मास्तरांबरोबर रात्री जेवणाआधी ती प्रार्थना म्हणायची सवय. फादरांनी वळून पाहिले, आणि ते हसले.

नंतर चहा झाला. कागदी पेले. पुढच्या वर्षीचा कार्यक्रम कुठे घ्यावा, यावर दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांत लगेच मतभेद झाला. मावशींनी लातूरचे नाव सुचवले. मास्तर तेथे आहेत, तेवढेच जाणे होईल म्हणून. मग पेला हातात फिरवीत त्या मला म्हणाल्या,

“तुमच्या लातूरच्या घरातला तो कप आहे का रे अजून?”

मी म्हटले, “आहे. कोनाड्यातच आहे. आई गेल्यावर कुणी हलवला नाही.”

“घेऊन ये. ह्या कागदाच्या पेल्यात चहा लगेच निवतो. त्यात चांगला गरम राहायचा.”